ऊन पाणी आणि वाफ : कारखान्यातील उष्णतेच्या निवडीचा इतिहास

१

मोठ्या इमारतीत उष्णता पुरविण्यासाठी कोणते साधन निवडावे, हा विषय सामान्यतः अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत येतो; इतिहासाच्या अभ्यासकाने त्याकडे वळण्याचा प्रघात नाही. तथापि एखाद्या समाजाने उष्णता वाहून नेण्यासाठी कोणते माध्यम पत्करले, ते कोणत्या वास्तूत बसविले आणि कोणासाठी बसविले, हे प्रश्न यंत्रशास्त्राइतकेच इतिहासाचेही आहेत. प्रस्तुत निबंधात त्यांचा विचार भिवंडीतील निजामपुरा आणि त्याभोवती वाढलेला वस्त्रव्यवसाय यांच्या संदर्भात करावयाचा आहे.

निजामपुऱ्यात हिवाळ्यात खोली उबदार ठेवण्यासाठी यंत्र बसवावे लागत नाही. खाडीपासून फार दूर नसलेल्या या गावाची हवा बहुतेक काळ उष्ण व दमट असते. त्यामुळे येथे हा विषय अप्रस्तुत आहे असे प्रथमदर्शनी वाटेल. वस्तुतः याच गावाच्या परिसरात वाफ निर्माण करणारे आणि ती इमारतीतून फिरविणारे कारखाने दीर्घकाळ चालत आलेले आहेत. ही वाफ माणसासाठी नाही, सुतासाठी आहे. या एका फरकाने निवडीचे सर्व गणित कसे पालटते, आणि त्याचे परिणाम त्या जागेत काम करणाऱ्यांवर कसे झाले, हे दाखविणे हा या निबंधाचा हेतू होय.

२

प्रथम ज्या साधनाच्या निवडीचे शास्त्र थंड देशांत पूर्णत्वास गेले त्याचे स्वरूप पाहिले पाहिजे. गुदामे, मोटारदुरुस्तीच्या शाळा, उंच छपरांचे कारखाने व दुकाने यांतून छताजवळ एक पेटी टांगलेली असते. तिच्यात धातूच्या पातळ पाती बसविलेल्या नळ्यांचे वेटोळे असते, त्यामागे विजेचा पंखा असतो, आणि पुढे झोताला दिशा देणाऱ्या झडपा असतात. नळ्यांतून वाफ किंवा ऊन पाणी वाहते. पंखा खोलीतील हवा त्यांवरून ढकलतो. इंग्रजीत याला 'युनिट हीटर' म्हणतात. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या दशकांत अमेरिकेत त्याचा प्रसार झाला. भिंतीलगतचे ओतीव लोखंडाचे अवजड रेडिएटर मोठ्या कारखान्यास अपुरे पडत, आणि केंद्रीय पंख्यापासून पत्र्याचे रुंद नळ सर्वत्र नेणे महाग पडे. या दोहोंमधला मार्ग म्हणून हे साधन पुढे आले.

त्याची निवड करताना पहिला प्रश्न इमारतीच्या उष्णताक्षयाचा असतो. भिंती, छप्पर, काचा आणि फटींतून येणारी थंड हवा यांमुळे ताशी किती उष्णता जाते, याचा हिशेब प्रथम मांडतात. दुसरा प्रश्न माध्यमाचा. वातावरणाच्या दाबाखाली एक किलोग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता मोकळी होते. उलट एक किलोग्रॅम ऊन पाणी दहा अंश सेल्सिअसने निवले तर केवळ दहा किलोकॅलरी मिळतात. ज्या दालनास ५० किलोवॉट उष्णता हवी, तेथे ताशी सुमारे ८० किलोग्रॅम वाफ पुरते. दहा अंशांचा उतार धरल्यास तेवढ्याच कामाला ताशी सुमारे ४,३०० किलोग्रॅम पाणी फिरवावे लागते. वाफ स्वतःच्या दाबाने पुढे जाते, पाण्याला पंप लागतो. मात्र वाफेचे झालेले पाणी परत नेण्यासाठी नळांना उतार द्यावा लागतो व प्रत्येक साधनापाशी स्टीम ट्रॅप बसवावा लागतो; तो बिघडला तर एक तर वाफ वाया जाते, नाही तर नळ्यांत पाणी साचते. ऊन पाण्याचे तापमान बाहेरच्या हवेप्रमाणे कमीजास्त करता येते. वाफेचे तापमान दाबाशी जखडलेले असते.

तिसरा प्रश्न क्षमतेच्या आकड्याचा. अमेरिकन तक्त्यांत वाफेची क्षमता सामान्यतः २ पौंड दाबाची वाफ आणि ६० अंश फॅरनहाइटची आत येणारी हवा गृहीत धरून दिलेली असते. पाण्यासाठी २०० अंश फॅरनहाइटचे पाणी व २० अंशांचा उतार धरतात. प्रत्यक्ष परिस्थिती निराळी असेल तर आकड्यास गुणक लावावा लागतो. तेच साधन पाण्यावर चालविले की क्षमता घटते. जुन्या रेडिएटरांच्या हिशेबात एक चौरस फूट पृष्ठभागास वाफेवर ताशी २४० ब्रिटिश उष्णता एकके धरीत, तर ऊन पाण्यावर १५०. यावरून हा फरक ध्यानात यावा.

चौथा प्रश्न जागेचा. झोत जितका अधिक तप्त, तितका तो हलका होऊन छताकडे जातो आणि जमिनीवर उभा असलेला माणूस गारठलेलाच राहतो. म्हणून साधन किती उंचीवर टांगावे, झोत कोणत्या भिंतीच्या दिशेने सोडावा आणि पंख्याचा आवाज तेथील कामास चालेल काय, हे पाहावे लागते. या चारही प्रश्नांच्या केंद्रस्थानी जमिनीपासून पाच-साडेपाच फूट उंचीपर्यंतचा थर आहे, म्हणजे माणूस आहे, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावयाची आहे.

३

ही व्यवस्था प्रारंभापासून अशी नव्हती. ऊन पाण्याचा या कामी केलेला एक प्रारंभीचा प्रयोग फ्रान्समध्ये बोनमँ याने १७७७च्या सुमारास केला, आणि तो कोंबडीची अंडी उबविण्यासाठी होता. अंड्यास तापमानाचा चढउतार सोसत नाही. पाणी सावकाश तापते व सावकाश निवते, म्हणून त्याने पाणी पत्करले. वाफेने इमारत तापविण्याचे प्रारंभीचे ठळक उदाहरण मात्र सूतगिरणीचे आहे. बोल्टन व वॅट यांच्या कारखान्याने १७९९ ते १८०१ या काळात इंग्लंडमधील सॅल्फर्ड येथे फिलिप्स आणि ली यांची जी लोखंडी सांगाड्याची गिरणी उभारली, तिचे ओतीव लोखंडाचे खांब पोकळ ठेवून त्यांतून वाफ फिरविली होती. ज्या खांबावर मजला उभा, तोच खांब खोली उबदार करी. पुढे १८२४ साली टॉमस ट्रेडगोल्ड याने सार्वजनिक इमारती तापविण्याच्या व हवेशीर ठेवण्याच्या तत्त्वांवर ग्रंथ लिहून हिशेबाची पद्धत घालून दिली. १८३१ साली पर्किन्स याने अधिक दाबाच्या ऊन पाण्याचे पेटंट घेतले.

गिरणीस वाफ का हवी होती, याचा निर्णय करताना सावध राहिले पाहिजे. थंडीने बोटे आखडली तर काम होत नाही, हे कारण होतेच. परंतु सूत कोरड्या व थंड हवेत ठिसूळ होते आणि तुटते, हे कारणही तितकेच बलवत्तर होते. कापसाचा धागा ओलावा घेतला की बळकट होतो. विणकामाच्या दालनात म्हणूनच ७५ ते ८५ टक्क्यांच्या आसपास सापेक्ष आर्द्रता इष्ट मानतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लँकेशायरमध्ये चिनी मातीची जड खळ दिलेले कापड विणण्याची चाल पडली. अशी खळ कोरडी झाली की झडते. म्हणून विणकाम चालू असताना दालनात नळावाटे सरळ वाफ सोडू लागले. येथे वाफ नळ्यांत कोंडलेली राहिली नाही, ती श्वासात आली. विणकरांनी या 'स्टीमिंग'विरुद्ध चळवळ केली, आणि १८८९ साली ब्रिटिश पार्लमेंटने कापड विणणाऱ्या कारखान्यांतील उष्णता व आर्द्रता यांवर मर्यादा घालणारा कायदा केला.

४

मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापिलेल्या गिरणीचे उत्पादन १८५६ साली सुरू झाले. त्यानंतर उभ्या राहिलेल्या गिरण्यांनी लँकेशायरकडून यंत्रे घेतली, इमारतीचे आराखडे घेतले, खळीची कृती घेतली आणि तीबरोबर आर्द्रतेची गरजही घेतली. खोली तापविण्याचे नळ मात्र येथे निष्प्रयोजन होते. मुंबईची हवा पावसाळ्यात आर्द्र असली तरी हिवाळा व उन्हाळा यांच्या कोरड्या प्रहरांत विणकामास ती अपुरी ठरे, आणि गिरणीत वाफ तयारच असल्यामुळे तीच दालनात सोडणे मालकांना स्वस्त पडे. अशा रीतीने जे माध्यम सॅल्फर्डमध्ये ऊब देण्यासाठी आले होते, ते परळ-लालबागच्या दालनांत उकाडा वाढविणारे ठरले. भारतीय गिरण्यांतील या कृत्रिम आर्द्रतेचा तपशीलवार अभ्यास करणारा टी. मॅलोनी यांचा अहवाल १९२३ साली प्रसिद्ध झाला.

१९४८च्या कारखाने अधिनियमाने या प्रश्नाला दोन कलमे दिली. तेराव्या कलमाने कामगारांना वाजवी सुखावह वाटेल असे तापमान राखण्याची जबाबदारी घातली, आणि पंधराव्या कलमाने कृत्रिम आर्द्रतेचे नियमन केले. त्याखालील नियमांत कापसाच्या सूतकताई व विणकामाच्या दालनाचे तापमान ८५ अंश फॅरनहाइटच्या वर गेले असता आर्द्रतेसाठी वाफ सोडण्यास मनाई होती. हा नियम मुद्दाम लक्षात घेण्याजोगा आहे. कारण तो आर्द्रतेस विरोध करीत नाही, माध्यमाची निवड करतो. पाण्याच्या सूक्ष्म तुषारांनी हवा दमट करता येते व त्याच वेळी थोडी गारही होते. वाफ ती दमट करताना तापविते. मालकाच्या दृष्टीने सारख्याच असलेल्या या दोन मार्गांत कामगाराच्या दृष्टीने महदंतर होते, आणि ते ओळखण्यास कायद्याची गरज लागली.

५

आता भिवंडीकडे वळू. निजामपुरा हे नाव आजच्या भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिकेच्या नावातही टिकून आहे. ही महानगरपालिका २००१ साली अस्तित्वात आली. १८५७च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांनी येथील हातमागाच्या धंद्यास बळ दिले. विसाव्या शतकात विजेचे माग आले, आणि १८ जानेवारी १९८२ पासून सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपानंतर विणकामाचा मोठा भाग गिरण्यांतून यंत्रमागांकडे गेला. त्याचा फार मोठा वाटा भिवंडीस मिळाला.

हातमाग असो वा यंत्रमाग, उभ्या सुतास खळ दिल्यावाचून ते मागावरील घर्षण सोसत नाही. हातमागाच्या काळी या क्रियेस मराठीत पांजणी म्हणत. उभे सूत मोकळ्या जागेत लांबवर ताणावयाचे, त्यास कुंचल्याने खळ लावावयाची आणि वाऱ्याउन्हात ते वाळू द्यावयाचे, अशी ती रीत. तीस लांब मोकळी जागा आणि कोरडे आकाश या दोन गोष्टी लागत. कोकणच्या पावसाळ्यात दुसरी गोष्ट चार महिने दुर्मीळ असते, आणि दाट वस्तीत पहिलीही मिळत नाही.

यंत्रमागास सूत अखंड व एकसारखे लागते. म्हणून पांजणीची जागा साइझिंगने घेतली. साइझिंगच्या कारखान्यात बॉयलरमधील वाफ दोन कामे करते : ती खळ शिजविते, आणि खळीच्या पेटीतून ओले होऊन निघालेले सूत ज्या पोकळ सिलिंडरांवरून जाते, ते आतून तापविते. वाळलेले सूत शेवटी बीमावर गुंडाळले जाते. येथे ऊन पाणी का चालत नाही, हे समजणे कठीण नाही. सिलिंडराच्या सर्व अंगास एकच तापमान हवे. पाणी एका बाजूने तप्त शिरेल व दुसरीकडून निवून बाहेर पडेल. वाफ जेथे जेथे निवते तेथे तेथे त्याच तापमानास पाणी होते, म्हणून पृष्ठभाग सम राहतो. शिवाय दाब बदलून तापमान ठरविता येते : वातावरणाहून एक बार अधिक दाबास ते सुमारे १२० अंश सेल्सिअस असते, तीन बार अधिक दाबास सुमारे १४४. सूत अधिक वाळले तर ठिसूळ होते, ओले राहिले तर बीमावर चिकटते. म्हणून त्यात काही टक्के ओलावा राखून वाळविणे हीच साइझरची कला आहे. सुताच्या दृष्टीने ही निवड अचूक आहे, यात संशय नाही.

परंतु तो कारखाना ही माणसे वावरण्याची वास्तूही आहे. उघड्या खळीच्या पेटीतून वाफ उठते. ओल्या सुतातील पाणी सिलिंडरांवर उडून हवेत मिसळते. आच्छादन नसलेल्या नळांतून उष्णता पाझरते. थंड देशातील अभियंता इमारतीतून जाणाऱ्या उष्णतेची बेरीज करतो; येथे इमारतीत साचणाऱ्या उष्णतेची व ओलाव्याची बेरीज करावयास हवी. सिलिंडरांवर बाष्प ओढून घेणारे छत्र व पंखा, नळांवर आच्छादन, आणि वाफेचे पाणी गळू न देता परत बॉयलरकडे नेणारी व्यवस्था ही तिची उत्तरे आहेत. यांपैकी शेवटच्या दोन उपायांनी इंधन वाचते, म्हणून ते मालकास सहज पटतात. छत्राने व पंख्याने केवळ हवा सुधारते. ते कोणी बसवावे, हा प्रश्न यंत्रशास्त्राचा राहत नाही.

६

येथे कायद्याच्या इतिहासातील एक विसंगती नोंदविली पाहिजे. १९२३च्या भारतीय बॉयलर अधिनियमाच्या मूळ व्याख्येत पाच गॅलनांहून अधिक मापाचे, दाबाखाली वाफ निर्माण करणारे बंद पात्र येई. ते कोठे आहे आणि तेथे किती माणसे काम करतात, याची चौकशी त्या व्याख्येत नव्हती. २०२५ साली या कायद्याची जागा नव्या बॉयलर अधिनियमाने घेतली. उलटपक्षी १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या मूळ व्याख्येनुसार विजेच्या साहाय्याने काम चालणाऱ्या जागेत दहा कामगार असले तरच ती 'कारखाना' ठरे. यंत्रमागाचा धंदा थोड्याथोड्या मागांच्या लहान लहान शेडमध्ये विभागलेला होता. तेथे ही संख्या कागदावर भरत नसे. अर्थात पात्र फुटू नये याची काळजी राज्यसंस्थेने माणसे न मोजता घेतली, आणि त्याच पात्रातील वाफेने बिघडणाऱ्या हवेची काळजी माणसे मोजून घेतली. पात्राचा स्फोट एका क्षणात दिसतो. हवेचा परिणाम वर्षानुवर्षे श्वासातून होतो. दृश्य अपायास कायदा लवकर सापडतो, एवढाच याचा अर्थ.

७

शब्दांची साक्षही याच दिशेची आहे. मराठीतील 'वाफ' हा शब्द संस्कृत 'बाष्प' याचे प्राकृतातून आलेले रूप होय. संस्कृतात 'बाष्प' म्हणजे वाफ, आणि अश्रूही. शासकीय मराठीने बॉयलरसाठी 'बाष्पक' हा शब्द योजिला. म्हणजे एकच शब्द बोलीतून 'वाफ' होऊन आणि ग्रंथातून 'बाष्पक' होऊन एकाच कारखान्यात दोन दारांनी शिरला. कामगार मात्र 'बॉयलर'च म्हणतो. 'ऊन' हे 'उष्ण' याचे रूप असून त्याचे दोन अर्थ आजही जिवंत आहेत : सूर्याचा ताप, आणि 'ऊन पाणी' यातील तापलेले. पांजणीचे सूत उन्हात वाळे, साइझिंगचे सूत वाफेवर वाळते. धंद्यातील हा पालट भाषेने देशी शब्द टाकून व परका शब्द घेऊन टिपला आहे. न्हाणीघरातील 'बंब' हा शब्द पोर्तुगीज 'बोंबा', म्हणजे पंप, यावरून आल्याचे मानतात. आगीचा बंब त्या मूळ अर्थास अधिक जवळचा आहे.

अंग शेकण्यासाठी आपणांजवळ शेगडी आहे, शेकोटी आहे. पाणी तापविण्यासाठी बंब आहे. संपूर्ण घर वा दालन तापविणाऱ्या स्थिर व्यवस्थेस देशी शब्द नाही, कारण ती वस्तूच येथे नव्हती. शासनाच्या भाषा संचालनालयाची स्थापना १९६० साली झाल्यानंतर पारिभाषिक शब्दांचे मोठे कार्य झाले. त्या पद्धतीने 'युनिट हीटर'ला 'एकक तापक' म्हणणे सोपे आहे, पण ते दिशाभूल करील. 'एकक' हे मापनाचे नाव आहे, आणि येथे 'युनिट' याचा अर्थ पंखा, नळ्या व पेटी एकत्र असलेले स्वयंपूर्ण साधन असा आहे. 'झोततापक' हा शब्द त्या साधनाचे कार्य सांगतो, म्हणून तो अधिक योग्य वाटतो. परिभाषा घडविणाऱ्याने वस्तूचे काम पाहूनच शब्द घडवावा, हे तत्त्व यातून पुन्हा सिद्ध होते.

८

आज भिवंडीच्या भोवती उंच छपरांची प्रचंड गुदामे उभी आहेत. आकाराने ती अगदी झोततापकाच्या पाठ्यपुस्तकातील उदाहरणासारखी आहेत. फक्त त्यांच्या पत्र्याच्या छपराखालचा प्रश्न उष्णता आणण्याचा नसून ती बाहेर घालविण्याचा आहे. अशा वेळी परदेशी तक्ता जसाच्या तसा येथे उतरवून चालणार नाही. त्यातील पद्धत मात्र घेण्याजोगी आहे : प्रथम बेरीज, मग माध्यम, मग क्षमता, मग जागा, आणि या सर्वांचे मोजमाप जमिनीपासून माणसाच्या उंचीपर्यंतच्या थरात.

अंड्यासाठी पाणी, गिरणीच्या खोलीसाठी वाफ, सिलिंडरासाठीही वाफ, अशी निवड दोन शतके होत आली. प्रत्येक निवड आपापल्या हेतूस धरून शास्त्रशुद्ध होती. त्यांपैकी किती निवडींच्या हेतूत त्या जागेत उभा असणारा माणूस होता, हा प्रश्न तंत्राच्या इतिहासाने विचारला पाहिजे. सॅल्फर्डच्या पोकळ खांबात तो अर्धामुर्धा होता. मुंबईच्या विणकामाच्या दालनात त्याला आणण्यास कायदा लागला. निजामपुऱ्याच्या परिसरातील साइझिंगमध्ये त्याच्या वाट्याची बेरीज अद्याप मांडावयाची आहे. ही बेरीज अवघड नाही. ओल्या फुग्याचा तापमापक, हवेच्या गतीचे मापन आणि वाफेचा ताशी खर्च एवढ्यावर ती होऊ शकते. इतिहास, भाषा व यंत्रशास्त्र या तीनही शाखांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ती एकत्र मांडल्यास या परिसराच्या श्रमेतिहासातील एक रिकामे पान भरून निघेल.